पाटीवरचा ‘मानसोपचारतज्ज्ञ’

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या बोटांची पेरे फाटून त्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा आम्हाला तो उन्हाचा परिणाम वाटला. साबणाची वडी दोन दिवसांत संपते हे लक्षात आल्यावर उलगडा झाला. नागपूरच्या मे महिन्यात टाकीचे पाणी हाताला चटका बसेल इतके तापलेले असतानाही ती दिवसातून चाळीस-पन्नास वेळा हात धूत होती, आणि नळ बंद केल्यावर तो नीट बंद झाला ना, याच शंकेने पुन्हा मोरीकडे वळत होती.

एका परिचितांनी सीताबर्डीजवळचे एक केंद्र सुचवले. दारावरच्या पाटीवर नावाआधी ‘डॉ.’ आणि नावाखाली ‘मानसोपचारतज्ज्ञ’ असे लिहिले होते, आणि एवढे वाचून आम्ही निश्चिंत झालो. त्या गृहस्थांनी चोवीस बैठकांचे छत्तीस हजार रुपये आगाऊ घेतले, पावती मागितली तेव्हा ‘नंतर एकत्र देऊ’ म्हणाले आणि चोवीस चौकटींचे एक गुलाबी कार्ड हातात दिले. प्रत्येक बैठकीनंतर एका चौकटीत शिक्का बसत असे. बैठकीत मुलीच्या कपाळाला पट्टा बांधून, डोळे मिटायला लावून ‘मनावरचे नकारात्मक थर’ काढले जात. तिला नेमकी कशाची भीती वाटते, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. मी औषधांचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, “ताई, गोळ्यांनी मेंदू बधिर होतो. एकदा सुरू झाल्या की आयुष्यभर सुटत नाहीत.” घरी तिने शंका काढली की ‘सगळे स्वच्छ आहे’ असे तिला पुन्हा पुन्हा सांगत राहा, असा सल्लाही त्यांनी दिला, आणि आम्ही तो मनोभावे पाळला.

दहाव्या बैठकीपर्यंत तिने हाताने जेवणे सोडले होते. तेव्हा मी त्यांचा नोंदणी क्रमांक विचारला. त्यांनी भिंतीवरच्या मानद पदवीकडे बोट दाखवले आणि ‘आम्ही औषधे देत नाही, म्हणून आम्हाला नोंदणी लागत नाही’ असे सांगितले.

त्यानंतर आम्ही मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मुलीला समोर बसवून किती वेळ हात धुतेस, न धुतल्यास काय होईल असे वाटते, हे शांतपणे विचारले. तिने जे आम्हाला कधी सांगितले नव्हते, ते त्यांना सांगितले. हा ओसीडी नावाचा, म्हणजे मनात पुन्हा पुन्हा नको त्या शंका येण्याचा आणि त्यांपायी तीच कृती करत राहण्याचा आजार आहे, औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतील आणि सोबत विशिष्ट प्रकारची थेरपीही लागेल, असे त्यांनी समजावले. त्या थेरपीत शंका आल्यावरही हात न धुता ती अस्वस्थता हळूहळू सोसायला शिकवतात. आम्ही अडीच महिने जो दिलासा देत होतो, तो या आजाराला खतपाणी घालणारा होता, हे तिथे कळले तेव्हा मला रडू आवरले नाही.

‘मानसोपचार’ या एका शब्दाखाली आपण निरनिराळी माणसे एकत्र मोजतो, आणि आमची फसगत नेमकी तिथेच झाली. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे आधी एमबीबीएस झालेले आणि नंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर असतात. ते निदान करतात, औषधे लिहून देतात, आणि महाराष्ट्रात त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, औषधे देत नाहीत. ते चाचण्या घेतात आणि थेरपी करतात. प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या प्रशिक्षणाचा दोन वर्षांचा एम.फिल. ही त्यांची परिचित पात्रता आहे आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. मनोसामाजिक कार्यकर्ते रुग्णाच्या कुटुंबासोबत आणि परिस्थितीवर काम करतात. समुपदेशकांत उत्तम शिकलेले लोक आहेत, याबद्दल मला आदरच आहे. परंतु काही आठवड्यांचा वर्ग करूनही कोणी समुपदेशकाची पाटी लावू शकतो, म्हणून तिथे शिक्षणाची चौकशी अधिक बारकाईने करावी लागते. ‘डॉ.’ हे अक्षर तर पीएच.डी.मुळेही लागते आणि मानद पदवीवाले ते बिनदिक्कत लावतात. तेव्हा पैसे देण्यापूर्वी पदवी, परिषदेचे नाव आणि क्रमांक हे तिन्ही कागदावर लिहून मागा. खरा तज्ज्ञ याचा राग मानत नाही. कुठे जावे हेच सुचत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

मुलीचे हात धुणे आता बरेच कमी झाले आहे आणि बोटांच्या भेगा भरल्या आहेत. पैसे परत मागितले, तेव्हा त्या गृहस्थांनी ‘बैठका तुम्हीच सोडल्या’ असे उत्तर दिले. गुलाबी कार्डावर दहा शिक्के आहेत आणि चौदा चौकटी कोऱ्या आहेत. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दिलेल्या तक्रारीला ते कार्डच आम्ही पुरावा म्हणून जोडले आहे, कारण पावती आमच्याकडे कधी आलीच नाही.