नागपूरच्या सीताबर्डीवरचं श्रद्धांजलीची जाहिरात करून देणारं दुकान: आमचा अनुभव

घरात कोणी गेलं आणि पेपरमध्ये द्यायचं असेल तर बर्डीच्या मेन रोडच्या आतल्या गल्लीत दुसऱ्या माळ्यावर एक डीटीपीचं (कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईसाठी मांडून देण्याचं) दुकान आहे, तिथेच जा असं मी मनापासून सांगेन. लोकमत, तरुण भारत, देशोन्नती सगळ्यांचं बुकिंग होतं, दर पेपरप्रमाणे अन् साइजप्रमाणे, ते काय कुठेही तसंच. फरक मजकुरात आहे.

माझी मोठी आई (मोठी काकू) गेली तेव्हा आधी एका दुसऱ्या एजन्सीला फोन केला होता. त्यांनी लगेच तयार मजकूर पाठवला, प्रेमळ, मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीच्या वगैरे, आणि खाली मुलगे, सुना, जावई. मुलींची नावंच नाहीत! म्हणजे जावयाचं नाव आहे पण जिने आजारपणात आईचं सगळं केलं त्या ताईचं नाही. खूप लागलं ते घरात सगळ्यांना.

बर्डीवाल्या काकांनी आधी नुसतं विचारलं. त्या काय करायच्या, माहेर कुठलं, लोक त्यांना कोणत्या नावाने ओळखायचे. मग "निवृत्त शिक्षिका" एवढंच न लिहिता "काटोल तालुक्यातील जिल्हा परिषद शाळांत ३१ वर्षे अध्यापन" असं लिहिलं, आणि तेवढ्या एका ओळीवरून तिचे जुने विद्यार्थी तेरवीला शोधत शोधत आले हो! मुली, मुलगे वयाच्या क्रमाने, प्रत्येकाचं नाव. आजाराचं नाव टाकायचं का हे मोठ्या बाबांना, म्हणजे तिच्या यजमानांना, विचारा म्हणाले, तो निर्णय त्यांचाच. नेत्रदान केलं होतं ते टाकायचं का हेही विचारलं, आम्ही हो म्हटलं. अंत्ययात्रा राहत्या घरून किती वाजता, घाट कोणता, अंबाझरी की मोक्षधाम, ते ठळक अक्षरात, कारण बाहेरगावून निघालेला माणूस आधी तेच बघतो.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. आपण व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये (मोबाइलवरच्या नेहमीच्या मराठी अक्षरांत) टाइप करून पाठवतो, दुकानात ते जुन्या फॉन्टमध्ये बदलताना जोडाक्षरं तुटतात. मोठ्या आईचं माहेर पांढुर्ण्याचं, तर पहिल्या प्रूफमध्ये रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला होता. काकांनी प्रिंट काढून आम्हाला मोठ्याने वाचायला लावलं म्हणून सापडलं, नाहीतर तसंच छापून आलं असतं आणि छापून आल्यावर कोण काय करणार.

फोटो लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून दिला होता, तो पेपरच्या कागदावर काळपट येईल म्हणून त्यांनी मागचं बॅकग्राउंड पांढरं केलं, चेहरा मात्र हात लावून गोरा वगैरे केला नाही हे मला फार आवडलं, तीच वाटत होती ती.

कमी काय तर लिफ्ट नाही, म्हाताऱ्या माणसाला वर पाठवू नका. संध्याकाळी गर्दी असते आणि पेपरचं पान लागायची वेळ ठरलेली, म्हणून दुपारीच जा. हिंदी पेपरचा मजकूरही करून देतात पण तो मराठीवरून ओढूनताणून केल्यासारखा वाटला, तो घरातल्या हिंदी चांगलं येणाऱ्या कोणाकडून तरी आधीच लिहून न्या.