बुरशी-पतंग पाहायचेत : पडदा लावावा की बरणी ठेवावी?

पतंगांच्या, म्हणजे रात्री दिव्यावर येणाऱ्या कीटकांच्या, नादी लागलेला माणूस आज ना उद्या टिनिडी या बुरशी-पतंगांच्या कुळाशी येऊन थांबतो. डोक्यावर विस्कटलेला झुपका, अंग चिमुकलं, अळ्या बुरशीत नाहीतर लोकरीत. मग प्रश्न पडतो : रात्री कापडाचा पडदा टांगून, त्यावर दिवा लावून त्यांची वाट पाहायची, की बुरशीच घरी आणून बरणीत ठेवायची? मी दोन्ही करून पाहिलं आहे.

पडद्याला मी कमी लेखत नाही. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी गच्चीवर जुलैत दिवा लावला की तासाभरात कापड भरून जातं. महिन्याच्या शेवटी पतंग सप्ताह (पतंग पाहून त्यांच्या नोंदी करण्याचा आठवडा) येतो, सोसायटीतली मुलं जमतात, तेव्हा पडद्याला पर्याय नाही.

पण बुरशी-पतंग उडतो कमी, पळतो जास्त. कापडावर दिसला म्हणून कॅमेरा जवळ न्यावा, तर तो सुळकन चुणीत शिरतो. चुणी हलकेच सोडवावी, तर मागच्या बाजूला. त्यात पावसाची उघडीप मिळाली की पंख फुटलेल्या वाळव्यांचा थर बसतो आणि तो त्याखाली गडप. एका पावसाळ्यात हे इतक्या वेळा झालं की मी पडद्यावर त्याला शोधणंच सोडलं. फोटो मिळाला तरी हा कुठून आला, काय खाऊन वाढला, हे कळत नाही. या कुळात तेच कळायला हवं. युरोपातला नेमापोगॉन ग्रॅनेला हा बुरशी-पतंग (स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली नाव दिलेला) झाडावरच्या बुरशीतही वाढतो आणि साठवलेल्या धान्यातही.

म्हणून आता बरणी. पडलेल्या गुलमोहराच्या फांदीवरची फळीसारखी कडक बुरशी घ्यावी, खाली भुसा आणि रेशमाचे धागे दिसत असतील ती. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातून काही उचलू नये, सोसायटीतल्या फांद्या पुरतात. ती बरणीत ठेवून तोंडाला मलमल बांधावी. घट्ट झाकण लावलं की आत पांढरी बुरशी माजते, माझी पहिली बरणी तशीच गेली. काही आठवडे धीर हवा, आणि कधी पतंगाऐवजी बारके भुंगेरेच निघतात. नेमक्या जातीची ओळख पटणं दोन्हीकडे अवघडच, फोटोवरून तर बहुधा नाहीच.

ज्यांना एका रात्रीत खूप पतंग पाहायचेत, त्यांनी पडदा घ्यावा. मला मात्र सकाळी बुरशीतून अर्धा बाहेर आलेला रिकामा कोष आणि शेजारी मलमलीवर स्थिर बसलेला पतंग पाहायला मिळतो. पडद्यावर असं कधी दिसलं नाही.