गिअर बॉक्स उघडल्यानंतरचे नऊ महिने आणि अकरा हजार किलोमीटर

माझी २०१४ सालची पाच गिअरची पेट्रोल हॅचबॅक गेल्या ऑगस्टमध्ये ९२,४०० किलोमीटरवर होती, तेव्हा तिचा गिअर बॉक्स खाली उतरवून दुरुस्त करून घेतला. त्यानंतर गाडी ११,००० किलोमीटर चालली. त्यातले निम्म्याहून अधिक अंतर बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट असेच आहे, कारण धाकटी बहीण गोव्यात साखळीला दिलेली आहे. एवढ्या वापरानंतर त्या कामाविषयी खात्रीने काही सांगता येईल असे वाटते.

दुरुस्तीच्या आधी दोन तक्रारी होत्या. चौथ्यावरून तिसरा गिअर टाकताना खर्र असा आवाज येई, आणि घाटाच्या चढावर इंजिनचा आवाज वाढे पण गाडी त्या मानाने वर सरकत नसे. दुसरी तक्रार इंजिनची ताकद गिअर बॉक्सकडे नेणारी क्लच प्लेट झिजल्याची आहे हे कोणीही सांगितले असते. पहिलीचे मूळ मात्र दीड वर्षे मागे होते. तेव्हा शहरातल्या एका गॅरेजमध्ये गिअर ऑइल बदलताना जीएल-४ या प्रतीऐवजी जीएल-५ प्रतीचे ऑइल भरले गेले, आणि आकडा मोठा म्हणजे ऑइल अधिक चांगले, या समजुतीवर मीही मान डोलावली. गाडीच्या पुस्तिकेत ७५डब्ल्यू-९० (हा ऑइलचा दाटपणा), जीएल-४ असे स्पष्ट छापलेले आहे. गिअर टाकताना दोन्ही बाजूंचा वेग जुळवण्याचे काम सिंक्रो रिंग करते. ही रिंग बहुधा पितळेची असते आणि घर्षणानेच वेग जुळवते. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसयुक्त द्रव्यांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट असते. अवजड गाड्यांच्या डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या जोडणीला, ते उपयोगी पडते, पण पितळेला ते बाधू शकते, शिवाय रिंगला जेवढी पकड लागते तेवढी मिळू देत नाही. मग वेग जुळण्याआधीच दाते एकमेकांवर आदळतात आणि तो खर्र आवाज येतो.

त्यात जुलैच्या पावसाची भर पडली. कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. घाटातून तापून आलेली गाडी जांबोटीच्या अलीकडे रस्त्यावर आलेल्या ओढ्याच्या पाण्यातून मी नेली. गरम गिअर बॉक्स एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या, नळीतून बाहेरचे पाणी ओढून घेते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मिस्त्रींनी गाडी पिटवर घेऊन आधी वरचा, ऑइल भरण्याचा बोल्ट सैल केला आणि तो सुटतो याची खात्री झाल्यावरच खालच्या ड्रेन प्लगला पाना लावला. हा क्रम महत्त्वाचा आहे. खालून ऑइल सोडून दिल्यावर वरचा बोल्ट गंजून अडकला, तर ऑइल भरायला वाट राहत नाही आणि गाडी जागची हलवता येत नाही. घमेल्यात पडले ते मधाच्या रंगाचे ऑइल नव्हते, दूध जास्त झालेल्या चहासारखे काहीतरी होते. “सर, बघा की, ह्ये ऑइल न्हवं, ताक झालंय,” एवढेच ते म्हणाले. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा लेप होता. तेवढा लेप नेहमीच्या झिजेचा असतो, पण त्यांनी तो बोटांवर चोळून दाखवला तेव्हा त्यात पितळी चकाकी आणि दोन बारीक कणी लागल्या.

गिअर बॉक्स उतरलाच होता, म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण संच बदलला. केवळ प्लेट बदलण्यात बचत नाही, कारण बेअरिंग गेले की तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या चाकावर, फ्लायव्हीलवर, तापून निळे पडलेले डाग होते, म्हणून ते लेथवर घासून आणले. उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत जवळ असल्याने बेळगावात या कामासाठी हिंडावे लागत नाही. तिसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग आणि चाके फिरवणाऱ्या दोन्ही दांड्यांचे (अॅक्सलचे) ऑइल सील नवे घातले. चार दिवस लागले आणि मजुरीसह १९,५०० रुपये झाले.

पहिल्या हजार किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदलले, कारण कोपऱ्यांत राहिलेला ओलावा पहिल्या भरण्यात निघत नाही. तो दोन लिटरचा खर्च मला सर्वांत मोलाचा वाटतो. दुसऱ्या वेळी निघालेले ऑइल किंचित गढूळ होते, दुधाळ नव्हते. तेव्हापासून तिसरा गिअर घाटाच्या वळणावरही नुसत्या बोटांनी पडतो, आणि क्लचचे पेडल इतके हलके झाले आहे की पहिल्या आठवड्यात गाडी दोनदा बंद पडली.

सगळेच सुधारले असे नाही. डिसेंबर-जानेवारीतल्या थंड सकाळी दुसरा गिअर पहिले दोन-तीन किलोमीटर जड जातो. मिस्त्रींनी त्याचीही रिंग बदलायला सुचवले होते आणि मी नको म्हटले. निपाणीच्या रस्त्याला ऐंशीच्या वेगात पाचव्या गिअरमध्ये एक बारीक सूर ऐकू येतो, तो मुख्य शाफ्टच्या बेअरिंगचा आहे आणि तेही तेव्हाच बदलायला हवे होते. बॉक्स उघडलेला असताना दोन-अडीच हजार वाचवले, आता त्यासाठी सगळी मजुरी नव्याने मोजावी लागेल.

चालवण्याच्या सवयी मात्र बदलल्या. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाशी पूर्वी मी क्लच दाबून उभा राहत असे, आता न्यूट्रल करून पाय काढतो. गोव्याला भाजी नेणारे टेम्पो घाटात पुढे असले की क्लच अर्धवट दाबून (हाफ क्लचवर) त्यांच्या मागे रेंगाळत नाही, हँडब्रेक लावून थांबतो, पुढे अंतर पडू देतो आणि मग पहिल्या गिअरमध्ये सलग चढवतो. जांबोटीच्या रस्त्यावर पाणी दिसले तर गाडी मागे वळवून खानापूरला येतो.

मृग लागण्याआधी वरचा बोल्ट काढून आत करंगळी घालायची, ऑइल भोकाच्या कडेपर्यंत आहे ना आणि त्याचा रंग मधासारखाच आहे ना ते पाहायचे, असे मिस्त्रींशी ठरले आहे. ब्रीदरची नळीही त्याच दिवशी लांब करून इंजिनच्या वरच्या बाजूला बांधून घेणार आहे.