बोटीची बंडी: अडीच हजारांत नवऱ्याची सुटका

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण हीच बंडी ऑनलाइन चार-पाच नावांनी मिळतेय, शिवण तीच, शिट्टी तीच, फक्त लेबल आणि किंमत वेगळी. मी २४९९ ला घेतली. रनिंगवाले हिला हायड्रेशन वेस्ट म्हणतात, म्हणजे पळताना पाणी अंगावर घेऊन जायची बंडी. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितली तेव्हा विचारलं, बोटीत बसायला चाललीस का गं? तेव्हापासून आमच्याकडे ती बोटीची बंडीच.

घ्यायची वेळ का आली ते सांगते. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन, माझी पहिली फुल. हाफ तीन झाल्यात, त्यांच्या प्रॅक्टिसला हातात एक बाटली धरून भागायचं. पण फुल म्हणजे ४२.१९५ किलोमीटर म्हटल्यावर रविवारचे लाँग रन २२, २५, २८, ३२ असे वाढत जातात, आणि पहाटे पावणेपाचला पुण्यात धायरीतून निघालं की खडकवासल्यापर्यंत एक टपरी उघडी नसते, चौपाटीवरचे कणीसवाले तर आपण घरी येऊन झोपल्यावर येतात. धरण मागे टाकून डोणजे फाट्याच्या पुढे पानशेत रस्त्याला लागलं की मग बोलायलाच नको. त्यामुळे सुरुवातीला नवरा स्कूटरच्या डिकीत दोन बाटल्या टाकून मागून यायचा. ताशी साडेआठच्या स्पीडने तीन तास स्कूटर चालवणं ही काय शिक्षा आहे ते त्यालाच विचारा, तिसऱ्या रविवारी त्यानेच ही बंडी शोधून ऑर्डर केली.

तर यात मिळतं काय, पाठीवर दीड लिटरचं ब्लॅडर म्हणजे पाण्याची मऊ पिशवी आणि त्याची खांद्यावरून पुढे येणारी नळी, छातीवर दोन खिसे आणि त्यात ५०० मिलीच्या दोन मऊ बाटल्या, मोबाईलला चेनचा खिसा, बाकी बारीकसारीक खिसे आणि पट्ट्याला अडकवलेली शिट्टी. शिट्टीचं आधी सांगून टाकते. नांदेड फाट्याजवळ कुत्री मागे लागली म्हणून जीव खाऊन वाजवली, कुत्र्यांवर शून्य परिणाम, शेजारच्या सोसायटीचा वॉचमन मात्र काठी घेऊन बाहेर आला. म्हणजे कामाला आली असंच म्हणायचं.

आता ब्लॅडर. मला वाटलेलं खरी वस्तू हीच, पण पहिल्या दिवशी त्यातलं पाणी प्यायले तर नवीन रेनकोट चावल्यासारखी चव. खायचा सोडा आणि लिंबू घालून रात्रभर ठेवलं, दोनदा, तेव्हा कुठे वास गेला. मग डचमळ. म्हणजे पाठीवर अर्धी कळशी घेऊन पळतोय असा आवाज, प्रत्येक पावलाला डुबुक डुबुक, अंधारात स्वतःचाच आवाज ऐकून दोनदा मागे वळून बघितलं. तिसऱ्या रनला एका सिनियर काकांनी युक्ती सांगितली, ब्लॅडर भरून झाकण लावायचं, उलटं धरायचं आणि नळीतून आतली सगळी हवा ओढून घ्यायची, पाणी तोंडात यायला लागलं की थांबायचं. आवाज नव्वद टक्के बंद. ही गोष्ट खोक्यावर छापायला काय झालं होतं कळत नाही, खोक्यावर नुसता डोंगर चढणाऱ्या गोऱ्या माणसाचा फोटो. आणि ती नळी! एकदा इलेक्ट्रॉल भरलं, आल्यावर धुवायचा कंटाळा केला, गुरुवारी बघते तर आत काळे ठिपके. आता ब्लॅडरमध्ये उलथनं घालून ते उघडं ठेवते आणि कपड्यांच्या दोरीवर वाळत टाकते, शेजारच्या काकू विचारतात हे सलाईन कोणाला लावलंय.

पण हे सगळं चालवून घेतलं असतं. माझी खरी तक्रार वेगळीच आहे, पाठीवरचं पाणी दिसत नाही. किती प्यायलो, किती उरलं, काही पत्ता लागत नाही. २५ च्या रनला मी मुद्दाम निघायच्या आधी आणि आल्यावर वजन केलं, घामाचे कपडे काढून. ६४.८ चं ६३.१ झालं, म्हणजे १.७ किलो गेलं, आणि मला वाटत होतं की भरपूर प्यायलेय तर ब्लॅडरमध्ये ३०० मिली तसंच शिल्लक. म्हणजे १.२ लिटर पिऊनही एवढी तूट, साधारण २.९ लिटर घाम, २ तास ५५ मिनिटांत. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर असा साधा हिशोब, वजनकाटा घरात असेल तर प्रत्येकाने एकदा करून बघा. याचा अर्थ गेलेलं सगळं पाणी परत ढोसायचं असा नाही हां, ते उलट जास्त धोक्याचं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तर १३ टक्के लोकांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, कमी निघालं होतं, आणि पळताना ज्यांचं वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढलं त्यांच्यात हे जास्त. म्हणून किती प्यायलो ते कळणं महत्त्वाचं, आणि नेमकं तेच पाठीवरून कळत नाही.

पुढच्या दोन बाटल्या मात्र फर्स्ट क्लास. पिऊ तशा त्या आकसत जातात त्यामुळे आवाज नाही, आणि हाताने दाबलं की कळतं किती उरलंय. डावीकडे साधं पाणी, उजवीकडे ओआरएस. डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याचं २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटरसाठी असतं, म्हणजे या बाटलीत अर्धंच टाकायचं. ग्रुपमधल्या एकीने ताकद जास्त येईल म्हणून अख्खं पाकीट ओतलं आणि अठराव्या किलोमीटरला पोट धरून बसली, तिला रिक्षाने आणावं लागलं.

फिटिंगला मी मार्क कापणार. साइझ चार्टमध्ये स्मॉल-मीडियम लिहिलंय पण पॅटर्न सरळ सरळ पुरुषांचा आहे, वरचा पट्टा जिथे यायला हवा तिथे येत नाही, खाली सरकवला तर दम लागल्यावर छाती आवळते. खिशाच्या चेनचं टोक गळ्याच्या हाडाजवळ घासत राहिलं आणि २८ किलोमीटरमध्ये ते लागतंय हे कळलंसुद्धा नाही. कळलं ते आंघोळीला. गरम पाण्याचा पहिला तांब्या घेतला आणि जी बोंब मारली ती ऐकून सासूबाई दार वाजवायला आल्या. आता तिथे व्हॅसलीनचा थर आणि आत बाह्यांचा टीशर्ट, स्लीव्हलेसवर ही घालायचीच नाही.

खिसे लहान दिसतात पण मावतं बरंच. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब खा असं सगळे सांगतात, पळताना खायच्या पाकिटातल्या एनर्जी जेलचा तो गोड चिकटपणा मला झेपत नाही म्हणून मी बी काढून खजुरात चिमूटभर मीठ भरते, पाच-सहा नेते. राजगिऱ्याची वडी नेऊ नका, पीठ होतं. चिक्की कोरड्या तोंडात जात नाही, दाढेत बसते ती घरी येईपर्यंत.

गेल्या रविवारी ३२ झाले, ३ तास ४९ मिनिटं, ब्लॅडर घरी ठेवून फक्त दोन बाटल्यांवर, आणि येताना डोणजे फाट्याला तोवर दुकान उघडलेलं होतं तिथे दोन्ही भरून घेतल्या. दीड लिटर म्हणजे पाठीवर दीड किलो, ते नसल्याचा फरक शेवटच्या पाच किलोमीटरला मांड्यांना कळला. मुंबईत अर्थातच ही नेणार नाही, तिथे रस्त्यात पाण्याची टेबलं असतात, आणि शेवटच्या टप्प्यात पेडर रोडची चढण चढताना अंगावर एक ग्रॅम जास्तीचा नको. ती फक्त प्रॅक्टिसची वस्तू.

तर पाचपैकी साडेतीन. पुढच्या बाटल्यांना पाच, फिटिंगला दोन, शिट्टीला वॉचमनपुरते तीन. घेणार असाल तर नुसत्या बाटल्यावालं मॉडेल बघा, पाच-सातशेने स्वस्त पडतं. आणि माझं ब्लॅडर कोणाला हवं असेल तर धायरीत येऊन फुकट घेऊन जा, नळी तेवढी आपली आपण धुवायची.