नवा म्हणून गळ्यात मारलेला जुना पोझिशनर: पैसे सोडण्याआधी मेमरी वाचा

आमचा कारखाना कुरकुंभ एमआयडीसीत, रसायनांचा. शटडाउनमध्ये रिअ‍ॅक्टरच्या स्टीम लाइनवरच्या कंट्रोल व्हॉल्व्हचे जुने पोझिशनर काढून डिजिटल बसवायचे होते. पोझिशनर म्हणजे आलेल्या सिग्नलनुसार हवेच्या दाबाने व्हॉल्व्ह हवा तेवढाच उघडा ठेवणारा डबा. अधिकृत डीलर म्हणाला, बारा आठवडे लागतील. शटडाउन तर तोंडावर आलेला. मग परचेसवाल्यांना इंटरनेटवर एक व्यापारी सापडला. मेक तोच, मॉडेल तेच, माल तयार आणि भाव तीस टक्क्यांनी कमी. "साहेब, एका कंपनीचा प्रोजेक्ट रद्द झाला, त्यातला उरलेला माल आहे. सीलबंद. डोळे झाकून बसवा." सगळी रक्कम आगाऊ मागितली, कारण काय तर "दुसरी पार्टी थांबली आहे." परचेसने ती दिलीही. माल आल्यावर स्टोअरने खोकी मोजली, नेमप्लेट पाहिली आणि इनवर्डचा शिक्का मारला. बहुतेक कारखान्यांत तपासणी म्हणजे एवढीच असते, हे या लोकांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

बसवल्यावर ऑटो-कॅलिब्रेशन बिनबोभाट झालं. त्रास लोड आल्यावर सुरू झाला. जॅकेटचं तापमान खाली-वर व्हायला लागलं, ऑपरेटर ऑटो बंद करून लूप मॅन्युअलवर टाकून बसले. आधी संशय ट्युनिंगवर गेला, मग ग्लँड पॅकिंगवर (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती गळती रोखणारं पॅकिंग). शेवटी कॅलिब्रेटरने थेट १२ मिलीअँपिअर दिले. सिग्नल ४ ते २० चा असतो; ४ म्हणजे बंद, २० म्हणजे पूर्ण उघडा. व्हॉल्व्हने पन्नास टक्क्यांवर थांबायला हवं होतं, पण स्टेम, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा, सेहेचाळीस ते चोपन्नच्या मध्ये झुलत राहिला. सिग्नल ४ वर आणला तरी हवा सोडताना पोझिशनरमधला स्पूल (हवेची वाट उघडणारा-मिटणारा दांडा) अडखळायचा. सिग्नल गेला की आमचा व्हॉल्व्ह स्प्रिंगने बंद व्हायलाच हवा. रिअ‍ॅक्टरच्या स्टीमवर तिथे अडखळणं परवडत नाही.

कव्हर उघडलं. बाहेरून रंग नवा कोरा, पण स्क्रूच्या खाचा झिजलेल्या, आणि केबल एंट्रीच्या आट्यांत जुन्या टेफ्लॉन टेपचे काळपट तुकडे अडकलेले. नेमप्लेट रिव्हेटऐवजी गोंदाने चिकटवलेली. नखाने उचलली तर खाली रिव्हेटची बुजवलेली भोकं. स्पूलवर तेलाचा पिवळा थर.

मग हार्ट कम्युनिकेटर, म्हणजे उपकरणाची मेमरी वाचणारं हातातलं यंत्र, लावला. हार्टची गंमत ही, की त्याच दोन तारांवरून ४-२० चा सिग्नलही जातो आणि उपकरणाच्या पोटातली माहितीही बाहेर येते. टॅग, म्हणजे प्लांटमध्ये उपकरणाला दिलेलं नाव, त्यांनी पुसला होता. डिस्क्रिप्टर, म्हणजे वर्णनाची छोटी नोंद, मात्र राहून गेला. त्यात लिहिलं होतं 'रिसायकल गॅस'. आमच्याकडे असली लाइनच नाही. स्ट्रोकचा, म्हणजे व्हॉल्व्ह किती वेळा हलला त्याचा, काउंटर लाखांत. खोक्यातून कालच निघालेला पोझिशनर लाखो वेळा कसा हलेल? डिव्हाइस आयडी आणि नेमप्लेटवरचा नंबर आम्ही उत्पादक कंपनीला कळवले. उत्तर आलं की नेमप्लेटवरचा नंबर त्यांच्या नोंदीतच नाही आणि त्या आयडीचा पोझिशनर बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्याच ग्राहकाला गेलेला आहे. ही बंद पडलेल्या प्लांटच्या भंगाराची कमाई.

प्रश्न फक्त पैशांचा असता तर एवढं लिहिलं नसतं. आमच्याकडे सॉल्व्हंट आहे, त्यामुळे पेसोची (स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांची सुरक्षा पाहणारी केंद्रीय संस्था) मान्यता असलेलंच उपकरण लागतं. आत कोणी काय बदललं, आट्या किती झिजल्या हे माहीत नसलेल्या डब्यावर 'एक्स'ची (स्फोटाचा धोका असलेल्या जागेसाठीची खूण) पट्टी चिकटवली म्हणून तो ज्वालारोधक होत नाही. सोबतचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेटही बनावट निघालं. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा लोगो छापलेला, पण यूएलआर नंबर, म्हणजे प्रत्येक रिपोर्टचा स्वतंत्र क्रमांक, नाहीच, आणि त्या नावाची लॅब एनएबीएलच्या यादीत सापडली नाही.

पुढे जीएसटीचा फटका. बिलावर १८ टक्के लावलेले, पण व्यापाऱ्याने रिटर्नच भरलं नाही. बिल आमच्या २बी मध्ये (विक्रेत्यांच्या रिटर्नवरून बनणारी क्रेडिटची यादी) दिसलं नाही, म्हणून क्रेडिट अडकलं. पोर्टलवर त्याचा जीएसटी नंबर टाकला तर नोंदणी रद्द. हे पाहायला अर्धा मिनिट लागतो आणि ते पैसे पाठवण्याच्या आधी पाहायचं असतं. धंद्यासाठी घेतलेला माल असल्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ताही सहसा बंद असतो. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलिसांत अर्ज दिला. पैसे अजून आलेले नाहीत.

आता आमच्या ऑर्डरमध्ये एक अट असते: माल आल्यावर बेंचवर हवा आणि कॅलिब्रेटरने ४-२० चा सिग्नल देऊन, विक्रेत्याच्या माणसासमोर डिव्हाइस आयडी, डिस्क्रिप्टर आणि स्ट्रोकचा काउंटर वाचायचा; आयडी उत्पादकाकडून पडताळून आल्यावरच पैसे. काही मॉडेलमध्ये काउंटर शून्यावर आणता येतो, तेव्हा नुसत्या शून्यावर जाऊ नका, आट्या आणि रिव्हेटही बघा. खरा व्यापारी याला कुरकुर करत का होईना, तयार होतो.

तो व्यापारी अजून धंद्यात आहे. फर्मचं नाव बदललंय, जाहिरातीतला फोटो तोच. आमच्या ओळखीतल्या एका इन्स्ट्रुमेंटवाल्याने भाव विचारून लगेच डिव्हाइस आयडीचा फोटो मागितला. व्यापारी "बघून पाठवतो" म्हणाला आणि नंबर ब्लॉक करून टाकला.