आयपिन प्रवेशसेवा: हजाराच्या पुढच्या क्रमांकावरून केलेले परीक्षण

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, वर्ल्ड टेनिस टूर या व्यावसायिक टेनिसच्या खालच्या पायरीवरील मालिकेतल्या कोणत्याही स्पर्धेत खेळायचे असेल, तर खेळाडूला आधी 'आयपिन' हा ओळख क्रमांक घ्यावा लागतो, त्याचे वार्षिक शुल्क भरावे लागते आणि पुढे प्रवेशिका पाठवणे, पसंतीक्रम लावणे, माघार घेणे ही सगळी कामे त्याच खात्यातून करावी लागतात. दुसरा रस्ता नाही. त्यामुळे ही सेवा घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्नच उद्भवत नाही. ज्याची जागतिक क्रमवारी हजाराच्या पुढे आहे किंवा ज्याच्या नावावर क्रमवारीचा अजून एकही गुण नाही, अशा खेळाडूच्या पदरात ती नेमके काय टाकते, एवढेच पाहता येते. प्रवेशिकांचे काम मी जवळून पाहिले असले, तरी इथला विचार जाहीर नियमांच्या आधाराने केला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: रांग लावणारी यंत्रणा म्हणून आयपिन काटेकोर आहे, पण रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या माणसाला आठवड्याचे नियोजन करायला तिची मदत फारच थोडी होते.

चांगली बाजू खरोखर चांगली आहे. सोमवारी सुरू होणाऱ्या स्पर्धेच्या प्रवेशिका त्याआधी अठरा दिवस, म्हणजे गुरुवारी, ग्रीनिच वेळेनुसार दुपारी २ वाजता बंद होतात आणि माघारीची मुदत तेरा दिवस आधीच्या मंगळवारी त्याच वेळी संपते. एका आठवड्यासाठी सहा स्पर्धांपर्यंत नावे देता येतात व त्यांचा पसंतीक्रम लावता येतो. मुदत संपली की क्रमवारीप्रमाणे यादी लागते: आधी मुख्य फेरीतले, मग पात्रता फेरीतले (म्हणजे आधी काही सामने जिंकूनच मुख्य फेरीत जाता येणारे), मग प्रतीक्षा यादीतले. ओळख, ओशाळवाणी विनंती किंवा संयोजकाला केलेला फोन यांपैकी कशानेही या यादीत नाव एक घरही वर सरकत नाही, आणि खेळाच्या बाबतीत ही लहान गोष्ट नाही.

अडचण सुरू होते ती यादी लागल्यानंतर. पाचशेच्या आसपासचा खेळाडू यादी पाहतो, मुख्य फेरीत स्वतःचे नाव पाहतो आणि तिकीट काढतो. बाराशेच्या आसपासच्या खेळाडूचे नाव मात्र पात्रता फेरीच्या शेवटी किंवा प्रतीक्षा यादीत असते, आणि ते वर येणार की नाही, हे त्याच्या पुढे असलेले पंधरा-वीस जण त्या आठवड्यात दुसरीकडे कुठे जातात यावर ठरते. हे लोक त्याला माहीत नसतात. त्यांनीही सहा-सहा ठिकाणी नावे दिलेली असतात. मंगळवारच्या मुदतीच्या शेवटच्या काही तासांत नावे भराभर गळतात, यादी सरकते, आणि तोवर विमानाचे भाडे चढलेले असते. ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसे आहेत, त्यालाच तिकीट सर्वांत उशिरा काढावे लागते. हा दोष संगणकाचा नाही, कारण क्रमवारीवर चालणाऱ्या कोणत्याही रांगेत अनिश्चितता शेवटी शेवटच्या माणसाकडेच साचते. पण ती कमी करण्यासाठी नियमांनी फारसा प्रयत्न केलेला दिसत नाही, असे मला वाटते.

प्रतीक्षा यादीतल्या खेळाडूपुढे मग एकच मार्ग उरतो: स्पर्धेच्या ठिकाणी स्वखर्चाने जायचे, पात्रता फेरीच्या आदल्या दिवशी स्वतः हजर राहून नाव नोंदवायचे आणि कोणी आले नाही तर आत शिरायचे. असे जाऊन, एकही चेंडू न मारता परत आलेले खेळाडू मी पाहिले आहेत. सरावासाठी कोर्टसुद्धा आधी ड्रॉमध्ये, म्हणजे सामन्यांच्या पक्क्या यादीत, असलेल्यांना मिळते, त्यामुळे हा माणूस भिंतीवर चेंडू मारत बसतो. (भिंतीचा परतीचा फटका चुकत नाही, एवढाच काय तो दिलासा.)

आणखी एक बाब नव्या वापरकर्त्याच्या सहसा लक्षात येत नाही. प्रवेशिकेसाठी धरली जाते ती मुदतीच्या वेळची क्रमवारी. म्हणजे या आठवड्यात जिंकलेल्या सामन्याचा उपयोग प्रवेश मिळवण्यासाठी व्हायला किमान तीन आठवडे जातात, आणि गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. एकूण पंधरा हजार डॉलर बक्षिसाच्या, म्हणजे एम-१५ दर्जाच्या, पुरुषांच्या स्पर्धेत मुख्य फेरीतली पहिली लढत जिंकल्यावर एटीपीच्या, म्हणजे पुरुष व्यावसायिकांच्या संघटनेच्या, क्रमवारीचा एक गुण मिळतो. विजेत्याला १५ मिळतात. महिलांच्या बाजूला अट वेगळी आहे: डब्ल्यूटीए या महिला व्यावसायिकांच्या संघटनेच्या क्रमवारीत नाव येण्यासाठी तीन स्पर्धांत गुण मिळवावे लागतात किंवा एकूण दहा गुण जमवावे लागतात. पहिला गुण मिळेपर्यंत खेळाडू या यंत्रणेला जवळजवळ दिसतच नाही, आणि तो गुण मिळवायला आधी ड्रॉमध्ये असावे लागते.

दार किती उघडे ठेवायचे याचा निर्णय वरून एका फटक्यात बदलू शकतो, हे २०१९ मध्ये सगळ्यांनी पाहिले. त्या वर्षाच्या सुरुवातीला पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धांतून एटीपी व डब्ल्यूटीए गुण काढून टाकण्यात आले, त्याऐवजी आयटीएफची वेगळी क्रमवारी आणली गेली आणि पूर्वी काही ठिकाणी १२८ जणांपर्यंत जाणारी पात्रता फेरी २४ जणांवर आणली गेली. व्यावसायिक म्हणवणाऱ्यांची संख्या कमी करून उरलेल्यांना नीट पैसे मिळावेत, हा त्यामागचा हेतू होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण ज्यांना आत जागाच उरली नाही, त्यांनी जोरदार विरोध केला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुण परत आले. आयपिनची यादी त्या काळातही तितकीच काटेकोर होती. फक्त तिच्यातल्या जागा नाहीशा झाल्या होत्या.

पैशांबद्दल थोडक्यात. एम-१५ स्पर्धेच्या एकेरीतल्या विजेत्याला २,१६० डॉलर मिळतात आणि मुख्य फेरीत पहिल्याच लढतीत हरणाऱ्याला १५६. आयटीएफनेच २०१३ सालच्या आकड्यांवरून केलेल्या पाहणीत खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च, प्रशिक्षकाचा धरला नाही तरी, पुरुषांसाठी ३८,८०० आणि महिलांसाठी ४०,१८० डॉलर निघाला होता. खर्च-मिळकतीचा मेळ बसतो तो पुरुषांत ३३६व्या आणि महिलांत २५३व्या क्रमांकाच्या आसपास, असा तिचा निष्कर्ष होता. एटीपीने २०२४ पासून किमान उत्पन्नाची जी हमी दिली, तीही पहिल्या २५० जणांपुरतीच आहे. त्यामुळे स्पर्धा निवडताना नावापुढे 'एच' हे अक्षर असलेल्या, म्हणजे राहण्याची सोय देणाऱ्या, स्पर्धांकडे आधी पाहावे.

वाइल्ड कार्डचा, म्हणजे क्रमवारी न पाहता दिल्या जाणाऱ्या प्रवेशाचा, विषय आयपिनच्या कक्षेबाहेरचा असला, तरी टाळता येत नाही, कारण रांगेला वळसा घालणारी मोठी वाट हीच आहे. ही कार्डे संयोजकांच्या किंवा यजमान संघटनेच्या हातात असतात. ग्रँड स्लॅमच्या १२८ जणांच्या मुख्य फेरीत आठ वाइल्ड कार्डे असतात आणि ऑस्ट्रेलिया, फ्रान्स व अमेरिका यांच्या संघटना त्यांतली काही एकमेकांच्या खेळाडूंना देतात. ज्या देशात स्पर्धाच फारशा होत नाहीत, तिथल्या खेळाडूकडे अशी देवाणघेवाण करायला काहीच नसते. वाइल्ड कार्डने भले होतच नाही, असे मात्र नाही. ब्रिटनचा मार्कस विलिस २०१६ मध्ये जागतिक क्रमवारीत ७७२वा होता. विम्बल्डनच्या पात्रता फेरीचे वाइल्ड कार्ड ठरवणाऱ्या ब्रिटिश खेळाडूंच्या स्पर्धेत दुसऱ्या कोणी माघार घेतल्यामुळे त्याला जागा मिळाली. तिथे तीन सामने, मग पात्रता फेरीचे तीन सामने, मुख्य फेरीत रिचर्डास बेरांकिसवर विजय आणि त्यानंतर सेंटर कोर्टवर रॉजर फेडरर. ही गोष्ट सांगताना लोकांना फेडरर आठवतो, मला ती एक माघार आठवते.

सेवेत मला दोन बदल हवे आहेत. पहिला, माघारीची मुदत पात्रता फेरीतल्या खेळाडूंना तिकिटाचा विचार करायला वेळ मिळेल इतकी लवकर, म्हणजे प्रवेशिका बंद झाल्यावर दोन-तीन दिवसांतच, यावी. दुसरा, प्रत्येक स्पर्धेच्या पानावर मागील तीन वर्षांत कितव्या क्रमांकापर्यंतचे खेळाडू प्रत्यक्ष आत गेले, हा आकडा ठळकपणे छापावा. ही माहिती महासंघाकडे असतेच.

तोवर हे काम वहीत करावे लागेल. दर आठवड्याला आपण नाव दिलेल्या सहाही स्पर्धांची अंतिम यादी उतरवून ठेवावी, शेवटचा आत गेलेला क्रमांक तारखेसह लिहावा, आणि ज्या आठवड्यांत शेजारच्या देशांत मोठ्या स्पर्धा आहेत त्या आठवड्यांवर खूण करावी, कारण वरचे खेळाडू तिकडे गेले की इथली यादी खाली उतरते. सहा पसंतींपैकी निदान दोन स्पर्धा रेल्वेने किंवा बसने गाठता येतील अशा ठेवाव्यात. मंगळवारी ग्रीनिच वेळेनुसार दुपारी २ नंतर यादी पुन्हा एकदा पाहावी, आणि तिकीट त्यानंतरच काढावे.