मुलाखतीची तयारी: ऑनलाइन क्लास की गावचा जनावरांचा दवाखाना?

१५ ऑक्टोबरला युकासचा, म्हणजे ब्रिटनच्या विद्यापीठांत पशुवैद्यक शिकायला प्रवेश मागायचा फॉर्म गेला की घरात दोन गट पडतात. एक म्हणतो, आता मॉक इंटरव्ह्यूचा क्लास लावा. दुसरा म्हणतो, पोरीला चार दिवस डॉक्टरच्या मागे फिरू द्या. आमच्याकडे पहिल्या गटात तिची आई आणि नाशिकचा माझा भाऊ होता. दुसऱ्या गटात आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, एकटेच. मी मधे. पैसे भरणारा माणूस बहुतेक मधेच उभा असतो. शेवटी आम्ही दोन्ही केलं: आधी क्लास, मग दवाखाना, आणि मधले पंधरा दिवस दोन्ही एकदम. तेवढ्या भांडवलावर हे लिहितोय.

ज्यांना इथलंच बी.व्ही.एस्सी., म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, करायचं आहे त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर, सगळीकडे नीटच्या गुणांवर यादी लागते, मुलाखत कोणी घेत नाही. हा घोळ ब्रिटनला अर्ज करणाऱ्या घरांचा. तिथे पशुवैद्यकाला चारच पर्याय टाकता येतात, आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात कधीही मुलाखतीचा ईमेल येऊन थडकतो. त्याच काळात बारावीच्या प्रॅक्टिकल आणि नीटची टेस्ट सिरीज असते. म्हणजे तयारीला हातात वेळ थोडा, आणि तो कुठे घालायचा एवढंच ठरवायचं असतं.

आधी क्लासबद्दल, कारण त्याच्यावर मी पुढे थोडा रागावणार आहे.

क्लासने दोन गोष्टी चोख केल्या. पहिली, घड्याळ. एमएमआय (मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू) पद्धतीच्या मुलाखतीत एकेका टेबलावर काही मिनिटंच मिळतात. प्रसंग वाचायचा, बोलायचं, घंटा झाली की पुढच्या परीक्षकाकडे. ऑनलाइन असेल तर पुढच्या खिडकीत. आमची पोरगी बोलायला लागली की गाडी नरडाण्याहून निघून सुरतला पोचेपर्यंत थांबत नाही. तिला चार मिनिटांत मुद्द्यावर यायला क्लासने शिकवलं. दुसरी गोष्ट, तिकडचे विषय. गाईंचा टीबी आणि तो पसरवतात म्हणून बिज्जू (बॅजर) मारावेत की नाही, चपट्या नाकाचे पग कुत्रे पाळावेत का, २००१ साली तिकडे लाळ्या-खुरकूत आला तेव्हा किती जनावरं मारावी लागली, हे दोंडाईच्यात कोण सांगणार? आमच्याकडे लाळ्या-खुरकूत म्हणजे पावसाळ्याआधीची लस आणि फार तर हळद-तेल. त्यासाठी गोठेच्या गोठे रिकामे करतात हे ऐकून अण्णांनी दोनदा विचारलं, ‘मारी टाकतस?’

इंग्रजीचा सराव झाला तो वेगळाच. तेव्हा क्लास वाया गेला असं मी म्हणणार नाही. फी २२,००० रुपये होती, आणि तेवढ्याचं काम कदाचित झालंही असेल.

दवाखान्याचं सुरुवातीला काहीच जमत नव्हतं. आमच्या भागातला दवाखाना पंचायत समितीच्या आवारात आहे. दोन खोल्या, बाहेर जनावर अडकवायचा लोखंडी खोडा, कडुनिंबाखाली पाण्याची टाकी. डॉक्टरांना मी भेटलो तर ते म्हणाले, ‘येऊ दे, पण मला शिकवायला वेळ नाही. बघायचं, विचारायचं नंतर.’ पहिले चार दिवस तिने फक्त दोऱ्या धरल्या. कृत्रिम रेतनाला आलेल्या गाई, लसीकरणाचं रजिस्टर, एका बोकडाचा पाय. कुत्रा महिन्याभरात दोनदा आला, मांजर एकदाही नाही. तिकडे मुलाखत घेणारे सगळे कुत्र्या-मांजरांचंच विचारणार, आणि ही म्हशीच्या शेपट्या धरून उभी, असं तिची आई रोज म्हणायची. तिचंही चूक नव्हतं.

मग दहाव्या की अकराव्या दिवशी पहाटे एक शेतकरी आला. म्हैस व्याली आणि उठेना. डॉक्टर मोटारसायकल काढताना पोरीला म्हणाले, बस मागे. मी दूध घालून परत येत होतो, मीही मागोमाग गेलो. म्हैस मान पोटाकडे वळवून बसलेली, कान गार. डॉक्टरांनी खाली बसता बसता एवढंच विचारलं, ‘कव्हय व्यायनी?’ मग, ‘पाणी पिनी का?’ शेतकरी उत्तर देत होता, पण नजर चुकवत होता. डॉक्टरांनी म्हशीच्या मानेवर हात फिरवला, सुईची खूण बोटाला लागली असावी. आवाज न चढवता म्हणाले, आधी कोणी काय टोचलं ते सांगून टाक भाऊ, मला त्यावरून औषध ठरवायचंय. तेव्हा कळलं की रात्री गावातल्या एका माणसाने काहीतरी इंजेक्शन दिलं होतं. ती बाटली त्याने ओसरीतून आणून दाखवली.

नंतर कॅल्शियम लावलं. शिरेतून, अगदी हळू. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप पोरीच्या कानात अडकवला आणि सांगितलं, ठोका चुकला किंवा पळायला लागला की हात वर कर, मी थांबवतो. घाईने गेलं तर हृदय बंद पडतं, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. पण बाटली संपेपर्यंत तिने श्वास घेतला की नाही मला शंका आहे. म्हशीचं अंग थरथरलं, तिने ढेकर दिली, शेण टाकलं. अर्ध्या-पाऊण तासाने मागचे पाय रोवून उभी राहिली. शेतकऱ्याने डॉक्टरांना चहा विचारला. डॉक्टर म्हणाले, आधी पारडूले पाज, पण सगळं दूध आज काढू नको.

घरी आल्यावर पोरगी कॅल्शियमबद्दल फार बोलली नाही. ती त्या सुईच्या खुणेबद्दल बोलत राहिली. डॉक्टर रागावले असते तर त्याने बाटली आणलीच नसती, असं तिचं म्हणणं.

आता ज्या गोष्टीने माझा तराजू कलला ती सांगतो. ऐकायला क्षुल्लक आहे.

क्लास रात्री नऊ ते साडेदहा. शनिवारी ग्रुप मॉक असायचा: पाच मुलं, एकच प्रसंग, प्रत्येकाने आळीपाळीने उत्तर द्यायचं. एका शनिवारी ती माजघरात लॅपटॉप लावून बसली होती आणि मी दाराशी चहा घेऊन उभा. हेडफोन बिघडलेले, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. प्रसंग असा: कुत्र्याला गाडीने उडवलंय, मालकिणीकडे पैसे नाहीत, तुम्ही काय कराल? पहिला मुलगा इंदूरचा. म्हणाला, ‘आय वुड फर्स्ट अ‍ॅक्नॉलेज द ओनर्स फीलिंग्ज.’ चांगलं वाटलं ऐकायला. दुसरी मुलगी कुठली कोण जाणे, तिनेही तेच वाक्य म्हटलं, फक्त ‘फर्स्ट’च्या जागी ‘फर्स्टली’. तिसरी आमची. तेच. चौथा, पाचवा, तेच, त्याच चढउतारात, ‘फीलिंग्ज’वर तसाच किंचित थांबून. आमच्या शाळेत पोरं प्रार्थना म्हणायची तेव्हासुद्धा मागच्या रांगेत चार जण चुकायचे. इथे एकही चुकला नाही. आणि शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी पाचही जणांना एम्पथीचे गुण दिले. आमच्या पोरीला दहापैकी सहा. कशाचे चार कापले ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं तर वाक्यांची एक पीडीएफ आली, ‘अजून नैसर्गिक वाटेल असं म्हणा’ अशा सूचनेसह.

इथवर मी गप्प होतो. पण चार दिवसांनी जेवताना मी म्हणालो की सरकीची ढेप पुन्हा महागली, दोन म्हशी काढाव्या लागतील की काय. पोरगी भाकरी मोडता मोडता म्हणाली, ‘पप्पा, मी तुमच्या भावना समजू शकते.’

अण्णांनी ताटातून मान वर करून तिच्याकडे बघितलं. माझ्या लेकीने मला असं कधी म्हटलं नव्हतं. एरवी ती म्हणाली असती, ‘कुठल्या दोन?’ कारण तिला सहाही म्हशी नावानिशी माहीत आहेत आणि मंगळी विकायची म्हटलं की ती भांडते.

त्या रात्रीनंतर क्लास बंद केला नाही, पैसे भरलेले होते. पण शनिवारचा ग्रुप बंद केला आणि त्या वेळात तिने दवाखान्याची डायरी इंग्रजीत लिहायची असं ठरलं. तारीख, जनावर, काय पाहिलं, काय कळलं नाही. शेवटचा रकाना सगळ्यात मोठा ठेवायचा, ही डॉक्टरांची सूचना. त्यात एक नोंद गोऱ्ह्याच्या खच्चीकरणाची आहे. अण्णांच्या तरुणपणी बैल बडवायचे. आता डॉक्टर आधी सुन्न करायचं इंजेक्शन देऊन चिमटा लावतात, आणि तो शेतकरी त्या दहा मिनिटांवरूनही कुरकुरला. दुसरी नोंद सारंगखेड्याची. दत्तजयंतीच्या यात्रेत डॉक्टरांबरोबर ती घोडेबाजारात फिरली. तिथे दात बघून वय ठरतं हे तिला पटलं, पण अंगावरचा केसांचा भोवरा कुठे आहे यावरून लाखाचा फरक पडतो, हे पटेना. व्यापाऱ्याला ‘हे खोटं आहे’ कसं म्हणायचं, की म्हणायचंच नाही, हे ‘कळलं नाही’च्या रकान्यात आहे.

साथीच्या रोगांचंही तसंच. क्लासच्या टिपणात तिकडच्या मॅड काऊवर दोन पानं होती. डॉक्टरांनी चहाच्या टपरीवर सांगितलं की भारतात कोंबड्यांचा बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. लाखो कोंबड्या पुराव्या लागल्या, गावं बंद. आणि २०२२ च्या साथीत जनावरांच्या अंगावर गाठी आणणारा लम्पी महाराष्ट्रात आधी दिसला तोही रावेर तालुक्यातल्या चिनावलला. त्या वर्षी आमच्या एका बैलाच्या अंगावर गाठी आल्या होत्या आणि शेजारी आमचं दूध घेईनात. हा रोग माणसाला होत नाही, दूध उकळून प्यायला हरकत नाही, हे पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले होते. तेव्हा आठवी-नववीत असलेली पोरगी हे सगळं बघत होती, पण हा मुलाखतीत सांगायचा विषय आहे हे तिला टपरीवर कळलं. क्लासला तीन महिन्यांत कोणी विचारलं नाही की तुझ्या गावात काय झालं होतं.

दोन मुलाखती झाल्या, दोन्ही ऑनलाइन. एक एमएमआय, एक पॅनलची. पॅनलमध्ये तिला विचारलं, सोबतच्या विद्यार्थ्याने औषधाची मात्रा चुकवली आणि लपवली तर काय करशील? ती अडखळली. हा प्रश्न क्लासमध्ये येऊन गेला होता, पण तो झाला शनिवारी, ग्रुपमध्ये, आम्ही बंद केलेल्या. तिथून नकार आला. म्हणजे माझ्या निर्णयाची किंमतही मोजली गेली असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

एमएमआयमध्ये मात्र एका टेबलावर तो क्लासचाच प्रसंग आला, थोडा फिरवून: मालक काहीतरी लपवतोय असं वाटतं, काय कराल? तिने भावनांचं वाक्य म्हटलंच नाही. सुईची खूण सांगितली, बाटली सांगितली. समोरच्या बाईंनी वेळ संपल्यावर विचारलं की म्हैस जगली का. ऑफर तिथून आली. आता ती गुणांवर आली, वेळेच्या सरावावर आली की म्हशीवर, हे मला कसं कळणार? एका पोरीवरून नियम काढू नये हे मलाही कळतं.

तरी कुणी विचारलं तर मी असं सांगतो. मुलाला इंग्रजीत दोन वाक्यं जोडताना घाम फुटत असेल, किंवा तो शहरात वाढला असेल आणि आजूबाजूला कुत्र्यांचे दवाखानेच असतील, तर क्लास लावा. पण एकट्याचा, ग्रुपचा नको, आणि सहा-आठ तासांपुरताच. घड्याळ आणि तिकडचे विषय तेवढ्यात होतात. बाकी सगळा वेळ खोड्यापाशी घालवायला हरकत नसावी. फॉर्म भरायच्या आधीच, उन्हाळ्यात सुरू केलं तर उत्तम. अनुभवाचं पत्र तेव्हाच हातात पडतं, आणि पावसाळ्यापूर्वी घटसर्प-फऱ्याची लस टोचायला गावोगाव जातात तेव्हा महिन्याभरात जेवढं दिसतं तेवढं हिवाळ्यात दिसत नाही. आम्ही ते चुकलो.

परवा शहाद्याच्या एका ओळखीच्यांनी फोन करून आमच्या डॉक्टरांबद्दल विचारलं, त्यांचा मुलगा यंदा अर्ज भरतोय. डॉक्टरांनी होकार दिलाय. सकाळी आठच्या आत यायचं, मोबाईल खिशात ठेवायचा. आणि गमबूट स्वतःचे आणायचे. दवाखान्यात एकच जोड आहे, सात नंबरचा, आणि त्यातला डावा गळतो.